नोंदीत नसलेला अंक

वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी एकही चावट ओळ लिहिली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर एकदम चौऱ्याण्णव पानं लिहिली. यात दोष कोणाचा असं कोणी विचारलं तर मी वाचनाकडे बोट दाखवीन, आणि वाचनाचा दोष कोणाचा असं विचारलं तर आमच्या मंडळाकडे.

सन चौपन्नची गोष्ट. डोंबिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची चाळ होती. चौदा बिऱ्हाडं, मागे एक विहीर आणि विहिरीपलीकडे थेट कोपरपर्यंत भाताची शेतं. चौदाही बिऱ्हाडांना मासिकं वाचायची आवड होती आणि एकालाही ती विकत घ्यायची आवड नव्हती. त्यातून चार वर्षांपूर्वी 'सहविचार वाचक मंडळ' निघालं होतं. सर्वांनी मिळून पाच मासिकं घ्यायची, प्रत्येक अंकाला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, आतल्या बाजूला चौदा नावांची चिठ्ठी चिकटवायची आणि अंक एका दारातून पुढच्या दारात द्यायचा. वाचून झालं की आपल्या नावापुढे सही, तारीख आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सगळे 'वाचले' एवढंच लिहीत. तात्या गुप्ते मात्र 'वाचले व पाहिले' असं लिहीत. ठाण्याच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते आणि नुसतं वाचून त्यांचं समाधान होत नसे.

तात्या आमचे अध्यक्ष. मी, विश्राम पोतनीस, चिटणीस. मंडळाची एकवीस कलमांची नियमावली संपूर्ण माझी. त्यातलं सातवं कलम माझ्या विशेष लाडाचं: कोणाही सभासदाने आपला क्रम येण्यापूर्वी अंक मागू नये, व ज्याच्याकडे अंक असेल त्याने तो क्रमाबाहेर कोणासही देऊ नये. यादीत माझं नाव मी सर्वांत शेवटी घातलं होतं. चिटणीसानं थोडा त्याग दाखवला की सभासदांना बरं वाटतं. हा त्याग पुढे मला चांगलाच भोवला.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोन नंबरच्या मारुती सावंतांनी एका मासिकाच्या पोटात एक पिवळ्या कव्हरची कादंबरी घालून पुढे सरकवली. सावंत गिरगावात एका छापखान्यात कंपॉझिटर होते, त्यामुळे असल्या गोष्टी त्यांच्या हाती ओल्या शाईसकट लागत. मी ती कादंबरी वाटेतच पकडली आणि मंडळापुढे बाविसावं कलम मांडलं: आक्षेपार्ह वाङ्मय मंडळात फिरू नये, व कोणास तसे आढळल्यास त्याने चिटणीसांस लेखी कळवावे. कलम एकमताने पास झालं. पकडलेली कादंबरी परीक्षणासाठी माझ्याकडे ठेवण्यात आली. मी तिचं तीनदा परीक्षण केलं.

तिसऱ्या परीक्षणानंतर माझं असं मत झालं, की हे फारच वाईट लिहिलंय. नायिका पहिल्या पानावर आडवी होते ती शेवटपर्यंत उठत नाही. नायक एक वाक्य धड बोलत नाही. याहून बरं आपण लिहू, असं मला वाटलं. शहाण्या माणसानं असं वाटून घेऊ नये.

मुंबईच्या माझ्या सरकारी कचेरीत डबा खाऊन झाला की वीस मिनिटं मोकळी असत. त्या वेळात लिहायचं ठरलं. सरकारी नोकराला वाङ्मय लिहायचं तर साहेबांची परवानगी लागते, असं कोणीतरी म्हणालं. मी आडून चौकशी केली, तर अर्जासोबत वाङ्मयाच्या तीन प्रती जोडाव्या लागतील असं हेडक्लार्कनं सांगितलं. तेव्हा आपण लिहितो ते वाङ्मयच नाही, असा निर्णय मी स्वतःपुरता घेऊन टाकला आणि लेखणी उचलली.

कथा एका दूरच्या बेटावर घडवली. ठाणे जिल्ह्यात घडवण्याची माझी छाती नव्हती. त्या बेटाची राणी कनकलेखा, ऐन तारुण्यात विधवा झालेली. आणि तिच्या राज्यात आलेला एक घंटा ओतणारा कारागीर. विधवेनं केसांत फूल माळलं तरी चार घरं कुजबुजायचे ते दिवस होते. माझी राणी फुलाच्या बरीच पुढे जाणार होती. पण राजवाडा कसा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या मागच्या गॅलरीतून दिसे ती फक्त विहीर. म्हणून मी राणीला एक व्रत लावून दिलं आणि तिला रोज विहिरीवर पाणी शेंदायला आणून उभी केली. घंटावाला तिथं येतो आणि तिला पहिला प्रश्न विचारतो, "थकलीस का?"

इथपर्यंत ठीक चाललं. पुढे मात्र घंटावाल्याचा हात पुढे झाला की माझा हात मागे यायचा. तो तिच्या जवळ गेला की मला आमचे शाळेतले ड्रॉइंग मास्तर आठवायचे. सवड मिळावी म्हणून मी त्या बेटावर एक कायदा केला: पुरुषानं प्रत्येक गोष्टीसाठी स्त्रीला तीनदा विचारायचं, आणि उत्तर काय द्यायचं ते तिच्या मर्जीवर, कारण सांगायचं बंधन नाही. कायदे करणं मला जमतं. या कायद्यामुळे दर खेपेला मला दोन पानांची उसंत मिळू लागली. विसाव्या पानावर घंटावाल्यानं तिचा तळहात हातात घेतला. चाळिसाव्या पानावर तिच्या घोट्याला बोट लावलं. साठाव्या पानावर तिनं त्याला केस सोडू दिले. त्याच्या पदरात नव्वद पानांत जेवढं पडलं, तेवढं पिवळ्या कादंबरीत पहिल्याच परिच्छेदात उरकलेलं होतं.

शेवटच्या चार पानांत मात्र काहीतरी वेगळंच झालं. तिथं राणीनंच घंटावाल्याला तीनदा विचारलं. ती चार पानं मी टेबलावर फाइल उभी करून तिच्या आड लिहिली, आणि ती लिहिताना माझा हात एकदाही मागे आला नाही. ती इथं देण्यासारखी नाहीत.

लिहिलेलं कोणाला तरी दाखवल्याशिवाय लिहिल्यासारखं वाटत नाही, हा एक मोठा दुर्गुण आहे. माझा जिवाभावाचा मित्र एकच, एक नंबरचा आनंद ताम्हाणे. रेल्वेत तिकीट तपासनीस, अविवाहित, आई रखमाबाईंसह राहायचा. पण वही त्याला द्यायची कशी? आमच्या चाळीत एका दारातून दुसऱ्या दारात वाटीभर डाळ गेली तरी चौदा जणांना तिचा वास लागे. फक्त एका वस्तूकडे कोणी ढुंकून पाहत नसे, ती म्हणजे मंडळाचा अंक. तेव्हा मी वहीला खाकी कव्हर घातलं, आत चौदा नावांची चिठ्ठी चिकटवली आणि भर दिवसा, गॅलरीत सर्वांसमक्ष, "घ्या आनंदराव, तुमचा क्रम," असं म्हणून ती त्याच्या हातात ठेवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी सबंध मजकूर डावीकडे झुकवून लिहिला होता. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

आनंदनं वही दोन दिवसांत वाचली. तिसऱ्या दिवशी त्याला अचानक इगतपुरीला बदली कामावर पाठवलं, आणि वही फळीवर राहिली. रखमाबाईंनी चार वर्षांत एकही अंक दोन दिवसांवर घरात ठेवला नव्हता. त्यांनी तिसऱ्या दिवशी चिठ्ठी पाहिली, मुलाच्या नावापुढे सही केली, 'वाचले' लिहिलं आणि अंक दोन नंबरला नेऊन दिला.

मला हे कळलं ते मारुती सावंत गॅलरीत आरामखुर्चीत खाकी कव्हर घेऊन बसले होते तेव्हा. त्यांच्या कानावर लाल पेन्सिल होती.

"काय सावंत, कुठलं मासिक?" मी विचारलं.

"मासिक कुठलं हो, खास अंक दिसतोय. हस्तलिखित. तुम्ही चिटणीस, तुम्हाला ठाऊक असणारच."

"बघू जरा. चुकून आलेला दिसतोय."

"असा कसा देऊ, विश्रामराव? कलम सात. तुम्हीच घातलंय ना? तुमचा नंबर चौदावा. येईल की." त्यांनी पान उलटलं आणि लाल पेन्सिलीनं एक खूण केली. "प्रुफं तपासतोय. सवय लागलीय हाताला. लेखक नवशिका आहे बघा. भाषा झकास, पण अनुभव कमी."

अकरा वर्षांच्या संसारी माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि वर मान डोलवावी लागली.

घरी येऊन मी हिशेब केला. अंक बारा दारं फिरून शेवटी माझ्याच दारात येणार. तो संध्याकाळी येणार, मी साडेसातला येणार, म्हणजे तो घेणार सुहासिनी. माझी बायको सुहासिनी मुळात कमी बोलते, आणि रागावली की त्याहून कमी. एकदा तिला न विचारता मी तिची शिलाई यंत्राची पेटी भाच्याला देऊन टाकली होती, तेव्हा ती नऊ दिवस बोलली नव्हती. नोकरीवर आलं असतं तर मी साहेबांचे पाय धरले असते. पण 'डोक्यात असलं ठेवून तुम्ही अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात?' असं तिनं विचारलं असतं, तर मी कोणाचे पाय धरणार होतो? बाकी तेरा घरांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, तिच्या नजरेतून उतरायला मी तयार नव्हतो.

म्हणून मी अध्यक्षांकडे रीतसर गेलो. चिटणीसाच्या विशेषाधिकारात एक अंक क्रमाबाहेर परत घ्यावा, असा अर्ज लिहून नेला. तात्यांनी चष्मा लावला.

"अंक क्रमांक?"

"क्रमांक नाही, तात्या."

"आवक वहीत नोंद?"

"तीही नाही."

तात्यांनी चष्मा काढला. "पोतनीस, नोंद नसलेला अंक माझ्या मंडळात फिरतोय? हे साधं प्रकरण नाही. चौकशी झाली पाहिजे. एकसदस्य समिती नेमतो. सदस्य तुम्ही. तीन आठवड्यांनी, रविवारी चार वाजता सर्वसाधारण सभा, तिच्यापुढे अहवाल ठेवा."

अशा रीतीनं माझ्याविरुद्धची चौकशी माझ्याकडे आली. कायद्याप्रमाणे आता मी अंक मागू शकत नव्हतो, आणि तो शोधणं सोडूही शकत नव्हतो.

माझी एक आशा होती ती बाविसाव्या कलमावर. कोणीतरी आक्षेप घेईल, मला लेखी कळवील, आणि मी अंक जप्त करीन. मी वाट पाहत राहिलो. एकाही घरातून चिठ्ठी आली नाही. उलट, एरवी दिवसाला एक दार ओलांडणारा अंक एकेका घरात रेंगाळू लागला, आणि त्याच्या आधीच त्याची बातमी पुढच्या दारांत पोचू लागली. दुपारी बाया सुपाखाली अंक दडवून तात्यांच्या घरी, त्यांच्या पत्नी विमलाबाईंकडे, गहू निवडायला जमू लागल्या. रोज एवढे गहू कोण खातं, हा प्रश्न एकाही पुरुषाला पडला नाही.

एका रविवारी सकाळी मी दंतमंजन घासत उभा होतो, तर कोपरची आवडाबाई मासळीची पाटी घेऊन दाराशी आली. सुहासिनी बोंबील बघत होती.

"बाय, त्या रानीचा पुरं काय झाला गो?" आवडाबाईनं विचारलं. "परवा विमलाबायचे घरा आयकत बसलू, तं येल झाली. मना उठावं लागला."

"मला कुठलं ठाऊक? आमचा नंबर शेवटचा," सुहासिनी म्हणाली आणि बोंबील उलटून पाहू लागली.

"तो घंटावाला बरा हाय हां. पुसतं तरी. आमचा दादला कवा पुसलाय काय?"

मंजन माझ्या घशात गेलं. पण सुहासिनीला अजून काही ठाऊक नाही, एवढ्यावर मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

हळूहळू चाळीत चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. एके सकाळी दोन नंबरमधून सावंतांचा आवाज आला, "सगुणा, चहा टाकू का?" आतून उत्तर नाही. पुन्हा, "टाकू का चहा?" उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर सगुणावहिनी म्हणाल्या, "टाका. आलं घाला." पाच नंबरच्या गृहस्थांनी बायकोला माहेरी किती दिवस राहायचंय असं विचारलं, आणि ती माउली चकित होऊन गेलीच नाही.

संध्याकाळी गॅलरीत लेखक कोण यावर खल चाले. सावंतांनी निकाल देऊन टाकला. "बाईच आहे. पुरुष एवढा थांबेल काय? नव्वद पानं?"

"ठाण्याची असणार. शिकलेली."

"नाहीतर आपल्यातलाच कोणी असेल," एकजण म्हणाला, "आपले विश्रामरावच असले तर?"

यावर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. एकानं तर कठड्याला धरून डोळे पुसले. मीही हसलो, सर्वांत मोठ्यानं हसलो. कोणालाही कळू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, हे खरं. पण कोणाला संशयसुद्धा येऊ नये? घरी येऊन मी बराच वेळ आरशात पाहिलं.

सभेच्या आदल्या दिवशी अंक तेरा नंबरला, म्हणजे तात्यांकडेच पोचला. आता चिठ्ठीवर माझंच नाव उरलं होतं. रविवारी सकाळी समिती या नात्यानं मी तात्यांच्या दारात उभा राहिलो, तर तात्या म्हणाले, "अंक ना? ही कालच घेऊन गेली आंबिवलीला. मंदाकिनीकडे." तात्यांची मुलगी मंदाकिनी आंबिवलीला दिलेली होती, जावई तिथल्या कारखान्यात होते. मी तसाच आंबिवली गाठली. मंदाकिनीनं दार उघडलं.

"काका? आई सकाळच्याच गाडीनं निघाली. कल्याणला मावशीकडे डोकावून दुपारी पोचेल."

"आणि अंक?"

"नेला की. माझी शेवटची चार पानं राहिली हो! राणी शेवटी काय विचारते?"

"मी चिटणीस आहे," मी म्हणालो, "मला काय ठाऊक?"

आतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "अगं, त्यांना बसव, पाणी दे, आणि शेवट काढून घे."

मी पाणी न पिता निघालो. कल्याणला पोचलो तर मावशीबाई म्हणाल्या, ताई आत्ताच गेल्या, आणि जाताना मलाही दहा पानं वाचून दाखवली. राणी केस सोडू देते तिथपर्यंत दोघींचं वाचून झालं होतं. डोंबिवलीला उतरून मी धावत चाळीत शिरलो. आमच्या दाराला कुलूप होतं. चार वाजून गेले होते. तात्यांच्या गॅलरीत सतरंज्या पसरलेल्या, पुरुष ओळीनं बसलेले, बाया दारापाशी. आणि बायांच्या पुढच्या रांगेत सुहासिनी बसली होती. तिच्या मांडीवर खाकी कव्हर होतं.

ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"समितीनं अहवाल सादर करावा," तात्या म्हणाले.

मी उभा राहिलो. "समितीला अंक मिळू शकला नाही."

"अंक सध्या कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे," सुहासिनी म्हणाली. "विमलाकाकूंनी आत्ताच दिला."

"मग पुढे आणा. सभेसमोर उघडू. ही आवक वही आहे, तिच्यात मंडळातल्या बऱ्याच जणांचं अक्षर आहे. शेजारी ठेवून ताडून पाहू."

आवक वहीत बऱ्याच जणांचं अक्षर होतं ते सह्यांपुरतं. बाकी दोनशे पानं माझी होती. मी हळूच खाली बसलो आणि सतरंजीचा काठ घट्ट धरला.

"नाही देता येणार, तात्या," सुहासिनी शांतपणे म्हणाली. "माझं वाचून व्हायचंय. कलम सात."

आमच्या सभेत बाई आजवर कलमासकट बोलली नव्हती.

"आणि उघडायचाच असेल," ती पुढे म्हणाली, "तर चिठ्ठीही सभेपुढे वाचावी लागेल ना? तेरा जणांच्या सह्या आहेत. आक्षेप एकाचाही नाही. शेरे मात्र आहेत. तेराव्या नंबरचा जरा मोठाच आहे."

सावंतांनी कानावरची लाल पेन्सिल काढून खिशात घातली. पाच नंबरचे गृहस्थ सतरंजीच्या पट्ट्या मोजू लागले. रखमाबाई उगाच खोकल्या. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा काढला. मग तीस वर्षं कचेरीत घालवलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणाले, "पोतनीस, लिहून घ्या. सदर अंकाची आवक नोंद आढळत नाही. ज्याची आवक नाही, तो अंक मंडळात आला असे म्हणता येत नाही. जो आलाच नाही, तो फिरला असेही म्हणता येत नाही. सबब चौकशी दफ्तरी दाखल."

ठराव एकमताने पास झाला. मी तो माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला. अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं. माझ्या छातीवरून कोणीतरी धोंडा उचलला, पण अर्धाच. उरलेला अर्धा धोंडा माझ्यापुढे चार पावलं, कुलपाची किल्ली हातात घेऊन घरी चालला होता.

घरात आल्यावर सुहासिनीनं अंक ट्रंकेवर ठेवला. मी पाणी प्यायलो. पाणी संपलं तरी पेला तोंडाला तसाच धरून ठेवला.

"वाचून व्हायचंय म्हणालीस," मी म्हणालो.

"झालंय. तीन दुपारी विमलाकाकूंकडे बसले होते."

"मग... कोणी लिहिलं असेल, काही अंदाज?"

"राणी दोरा दातानं तोडते," ती म्हणाली. "हंडा डाव्या कडेवर घेते, उजवी बाजू दुखते म्हणून. शेंदून झालं की ओला हात मानेमागे पुसते." ती थांबली. "पहिल्या दुपारी ऐकलं तेव्हा लिहिण्याची चाल ओळखीची वाटली. कलमं घालायची खोड कोणाची ते कळतंच. मग असा राग आला! म्हटलं, ही कोण बाई बघून ठेवलीय यांनी? सबंध दुपार गहू निवडले, एक खडा दिसला नाही मला. दुसऱ्या दिवशी हंड्याचं आलं."

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. मी एक राणी रचली असंच मी समजत होतो. गॅलरीतून रोज दिसत होती ती कोण, याचा मी विचारच केला नव्हता.

"मला वाटायचं, तुमचं तोंड सदा पेपरात," सुहासिनी म्हणाली. "बघत होतात तर."

तिचा आवाज जरा ओला झाला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी पेला खाली ठेवायचं विसरलो. मग तिनं वहीचं कव्हर उघडून चिठ्ठी माझ्यापुढे धरली. पहिल्या नावापुढे रखमाबाईंचं 'वाचले' खोडून 'परत मागवून वाचले' केलेलं होतं. म्हणजे कलम सात त्यांनीही मोडलं होतं. सावंतांचा शेरा, 'प्रुफे तपासली. मजकूर स्वच्छ.' तेराव्या नावापुढे तात्यांच्या वळणदार अक्षरात 'वाचले व पाहिले', आणि त्याखाली विमलाबाईंच्या हातचं, 'बत्तीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. परवा विचारले.'

चौदावा रकाना कोरा होता.

"तुझा शेरा?" मी विचारलं.

"एक विचारायचंय आधी. तुमचा घंटावाला एका हंड्यासाठी तीनदा विचारतो. तुम्ही अकरा वर्षांत किती वेळा विचारलंत?"

मी मनातल्या मनात आवक वही चाळली. नोंद नव्हती.

"थकलीस का?" मी म्हणालो.

"हे एकदा झालं."

"थकलीस का?"

"दोन."

तिसऱ्यांदा विचारताना मी हातातला पेला खाली ठेवला. पिवळ्या कादंबरीत आणि माझ्या चौऱ्याण्णव पानांत जे सगळं होतं, त्या सगळ्यापेक्षा हे दोन शब्दांचं वाक्य उच्चारायला मला अधिक धीर लागला.

"हो," सुहासिनी म्हणाली, "खूप थकलेय." आणि खाटेवर बसून तिनं पाय वर घेतले.

मी हंडा उचलला. आमच्या चाळीत पुरुषानं हंडा उचललेला कोणी पाहिला नव्हता, म्हणून मी मागच्या जिन्यानं, भिंतीला धरून उतरलो. दिवेलागण होत होती, विहिरीवर कोणी नसेल असा माझा अंदाज होता. पाहतो तो सावंत घागर घेऊन उभे. त्यांच्यापुढे पाच नंबरचे गृहस्थ. आणि सर्वांत पुढे, धोतर खोचून, रहाटाचा दोर ओढत होते तात्या गुप्ते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मी मुकाट्यानं शेवटच्या नंबरवर उभा राहिलो.

तात्यांनी बादली भरली, दोर पुढच्याच्या हाती दिला आणि परत जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबले.

"पोतनीस," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी नोंद करून फिरवा."

मी बरं म्हटलं आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकलो.